हवालदारासाठी खणलेला खड्डा

आधीच सांगतो, ऱ्हस्व-दीर्घाशी माझं कधी जमलं नाही. शाळा लवकर सुटली, त्यामुळे भारी शब्दही माझ्याजवळ नाहीत. जे आहेत ते घरातलेच, रोज वापरून गुळगुळीत झालेले. तेवढं सांभाळून घ्या. गोष्ट माझ्या भावोजींची आहे, आणि तिला भारी शब्द लावले तर त्यांचीच जास्त पंचाईत होईल.

भावोजी पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून. माणूस अगदी गरीब, फक्त एक खोड आहे. वेळेवर केलेली कुठलीही गोष्ट त्यांना उशिरा केल्यासारखी वाटते. स्वच्छ ऊन पडलेलं असताना छत्री घेऊन निघतात. लाइट जायच्या आधीच मेणबत्ती लावून बसतात (आणि लाइट गेली नाही की चिडतात). माझ्या ताईला पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा इतके लवकर आले की ताई गोठ्यात शेण भरत होती, आणि भावोजींनी तिलाच विचारलं, "मालकीणबाई उठल्या का?"

ताईनं ते मनावर घेतलं नाही. तिचा सगळा जीव जनावरांत. घराच्या मागं गोठा, गोठ्याशेजारी कोंबड्यांचं खुराडं. मांजर झोपायचं ते भावोजींच्या ऑफिसच्या फायलींवर. कोंबडा त्यांना पगार मिळवून आणणारा माणूस मानायचा नाही. दारातून आत शिरले की पोटरीवर चोच. या सगळ्यांवर लक्ष ठेवायला हवालदार नावाचा म्हातारा कुत्रा. आणि पवळी गाय. तिला ताईनं वासरू असताना आणलं होतं. ताईची चप्पल वाजली की पवळी मान वळवायची, दुसऱ्या कुणाची वाजली तर नाही. दोनदा भरवूनही ती गाभण राहिली नव्हती. या खेपेला राहिली, आणि दिवस भरत आले होते. ताईला मूल नाही. त्याबद्दल आमच्या घरात कुणी बोलत नाही, मीही बोलणार नाही. पण पवळीच्या वासरासाठी तिनं जुन्या गोधड्या धुऊन, वाळवून, घडी करून ठेवल्या होत्या एवढं मला माहीत आहे.

अशात हवालदारानं खाणं सोडलं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या पापण्या उलट्या करून पाहिल्या आणि म्हणाले, "वय झालंय. आठवडा काढला तरी पुष्कळ."

ताई पदर तोंडाला लावून आत गेली. भावोजी मात्र हिशेब करू लागले. कुत्रा मधल्या वारी गेला तर खड्डा कोण खणणार? जमीन दगडासारखी झालेली. कुत्र्यासाठी रजा मागायची तरी कुठल्या तोंडानं? आणि ताईला रडताना बघत खणायचं म्हणजे हात चालणार नाहीत. तेव्हा रविवारी, ताई बाजाराला गेलेली असताना, त्यांनी गोठ्यामागं खणायला घेतलं.

शेजारचे सुतार कुंपणावरून डोकावले. "काय चाललंय कारकूनसाहेब?"

"झाड लावतोय."

"एवढ्या खोल?"

"मुळं खोल जातात त्याची."

"कसलं झाड म्हणायचं हे?"

"अजून ठरवलं नाही," भावोजी म्हणाले, आणि खाली वाकले.

भटकी कुत्री उकरतात असं त्यांनी कुठं तरी ऐकलं होतं, म्हणून खड्डा छातीएवढा झाला. (हवालदार उभा पुरला असता तरी उरला असता.) ताईच्या नजरेला पडू नये म्हणून वर एक गंजका पत्रा टाकला, आणि पत्रा दिसू नये म्हणून त्यावर पेंढा पसरला. हात झटकून ते मागं सरले. कधी नव्हे ते आपण एक काम नीट केलं असं त्यांना वाटलं.

सोमवारी त्यांनी ऑफिसातही, कुत्रा आता जाणार म्हणून, सांगून ठेवलं. हेडक्लार्कनं वर न बघताच "अरेरे" म्हटलं. मंगळवारी हेडक्लार्कनीच विचारलं, "गेला का?"

"अजून नाही."

"अरेरे," हेडक्लार्क म्हणाले.

घरी आल्यावर भावोजी बूटही न काढता हवालदाराजवळ बसायचे. त्याचं पोट वर-खाली होतंय का ते बघायचे. ताईनं दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी तिच्यानं राहवलं नाही.

"मी तापानं फणफणले होते तेव्हा एवढे बसला नव्हतात."

"तुझं वेगळं. तू बरी होणार होतीस."

"हाही होईल," ताई म्हणाली. "तुमचा एवढा जीव आहे त्याच्यावर, मला कळलंच नव्हतं. उद्यापासून त्याला दुधात अंडं फेटून घालते."

भावोजींचं स्वतःचं अंडं त्या दिवसापासून बंद झालं. हवालदार चाटून चाटून उठून बसला, मग उभा राहिला, मग मांजराच्या मागं चार पावलं गेला.

खड्डा तेव्हाच बुजवायला हवा होता. भावोजी एकदा फावडं घेऊन गेलेही होते. पण तिथं उभं राहून त्यांनी विचार केला की म्हातारा कुत्रा आहे, आज ना उद्या लागेलच. खणलेलं कशाला वाया घालवायचं? आणि फावडं परत जागेवर ठेवलं.

शनिवारी ऑफिस लवकर सुटलं. भावोजी दारात आले तर आज कोंबडा चोच मारायला आला नाही. गोठ्यामागून हवालदार भुंकत होता. आजारी पडल्यापासून त्यानं पहिल्यांदाच आवाज काढला होता. भावोजींना आधी बरं वाटलं. मग ताईचा आवाज आला, आणि ते हातातली छत्री तशीच घेऊन धावले.

पवळी पेंढा खायला गेली होती. पुढचे पाय पलीकडं पोचले होते, मागचा सगळा भाग खड्ड्यात. पत्रा दुमडून तिच्या पोटाखाली अडकलेला. ती ओरडत नव्हती, नुसती फुसफुसत होती. ताई जमिनीवर पालथी पडून तिच्या गळ्याला मिठी मारून होती.

"इथं खड्डा कुठून आला?" ती विचारत होती. "अहो, इथं खड्डा कुठून आला?"

सुतार कुंपण ओलांडून आले, मी आलो, आणखी दोघं आले. एक बाजू उतरती खणून काढली, पोटाखालून दोर घातले आणि ओढली. (दोराचं एक टोक माझ्या हातात होतं. त्या वजनाचा अंदाज मला अजून आहे.) पवळी वर आली, पण उभी राहीना. तोवर आलेल्या डॉक्टरांनी तिच्या मागच्या पायाला हात लावला आणि हात लगेच काढून घेतला.

"खुबा मोडलाय, आतही रक्त जातंय. ही काही उठायची नाही," ते म्हणाले. "वासरू मात्र यायला लागलंय. ते बघू."

त्याच वेळी हवालदार हळूहळू चालत आला, खड्ड्याच्या काठावर बसला आणि आत वाकून बघू लागला. मग त्यानं भावोजींकडं पाहिलं. ताईनं आधी कुत्र्याकडं पाहिलं, मग खड्ड्याकडं, मग भावोजींकडं.

"याच्यासाठी होता?"

भावोजी म्हणाले, "रजा मिळाली नसती."

याहून वाईट उत्तर सुचणं शक्य होतं का, मला माहीत नाही. सुतारांनी दुसरीकडं तोंड फिरवलं.

वासरू आलं. कालवड होती. ओली, थरथरणारी, लांब पायांची. ताईनं गोधडीनं ती पुसली आणि आणून पवळीच्या तोंडाशी ठेवली. पवळीनं एकदा चाटलं, दुसऱ्यांदा जीभ अर्ध्यावरच राहिली. डॉक्टर हळूच म्हणाले, "चीक काढून घ्या, ताई. नंतर मिळणार नाही. कालवडीला तोच लागेल."

ताईनं आडव्या पडलेल्या गायीजवळ बसून धार काढली. हात रोजच्यासारखे चालत होते. भांडं भरत आलं आणि पवळीची मान पडली. ताईनं उरलेली धार पूर्ण काढली, भांड्यावर फडकं झाकलं, आणि मगच रडली.

पुढचं कुणीतरी बोलायला हवं होतं. शेवटी सुतारच म्हणाले, टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच मदतीच्या भावनेनं, "थोडा रुंद केला की होईल. खोली आहे पुरेशी."

भावोजींनी फावडं उचललं. कुणाला हात लावू दिला नाही. इतक्या वर्षांत त्यांनी आधीच करून ठेवलेली एकच गोष्ट नेमकी वेळेवर उपयोगी पडली होती.

माती लोटून झाली तेव्हा ताई म्हणाली, "हवालदार आजपासून आत झोपेल."

"कुठं?"

"तुमच्या जागेवर."

दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण भावोजींनी सोमवारची रजा रविवारी सकाळीच मागितली. गोठ्यातूनच हेडक्लार्कना फोन लावला. रात्रभर कालवडीजवळ बसून त्यांच्या केसांत पेंढा अडकला होता.

"गेला वाटतं," हेडक्लार्क म्हणाले.

"कुत्रा नाही साहेब. गाय गेली."

"आणि कुत्रा?"

"कुत्रा आता बरा आहे."

"अरेरे," हेडक्लार्क सवयीनं म्हणाले, आणि रजा दिली.

भावोजींनी फोन खिशात ठेवला. ताई स्वयंपाकघरात चीक कोमट करत होती, तिची चप्पल वाजली तशी कालवडीनं मान वळवली. पण चीक येईपर्यंत कालवडीला धीर नव्हता. तिनं भावोजींच्या शर्टाचं टोक तोंडात धरलं आणि डोळे मिटून चोखायला लागली. भावोजी जराही हलले नाहीत. पहिल्यांदाच कुणाला तरी त्यांच्याकडून काहीतरी वेळेवर हवं होतं, आणि ते त्यांच्याकडं नव्हतं.