भडका आणि ठिबक

स्वयंपाकघरातला गळका नळ शनिवारी दुपारीच दुरुस्त करून घ्यायचा असं भडक्याने ठरवलं आणि स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. बायको सांगत होती, "अहो, फडकं बांधा त्याला. तुमचे मालक जेवून जाऊ देत, उद्या बघू." पण ऐकेल तो भडका कसला!

भडका हे त्याचं खरं नाव नव्हे. (खरं नाव चांगलं शांत, सात्त्विक होतं. ते आता फक्त बायकोला आठवतं, आणि तिला ते घेताना हसू येतं.) आग विझवायची लाल सिलिंडरं भरून देणाऱ्या दुकानात तो कामाला होता. नवा माणूस आला की आठवड्याच्या आत मालक त्याला नाव पाडणार, ही तिथली रीत. गाडी चालवणारा 'गोगलगाय'. गोदाम सांभाळणारा 'नाही', कारण काहीही मागा, त्याच्या तोंडून पहिला शब्द तोच निघे. आणि आग विझवण्याच्या दुकानात सदा पेटलेला हा एकटा, म्हणून हा भडका. या नावाचा त्याला संताप येई. संताप आला की तो ओरडे, ओरडला की सगळे म्हणत, "बघा, पेटला!", आणि मग तो आणखी ओरडे. नाव चिकटायला याहून पक्का डिंक नाही.

तर काउंटरवरचे म्हातारे काका काम सोडणार होते. काउंटर म्हणजे खुर्ची, डोक्यावर पंखा, आणि सिलिंडरं उचलून मोडत आलेल्या कमरेची कायमची सुटका. भडक्याने ती जागा मागितली, तेव्हा मालक पोट धरून हसले.

"तुला काउंटरवर बसवू? अरे, गिऱ्हाईक आपल्याकडे आग विझवायला येतं, लावून घ्यायला नाही!"

"मी सुधारलोय, मालक!" भडका इतका मोठ्याने म्हणाला की गोदामातून आवाज आला, "नाही!"

मालक म्हणाले, "माणसाचा खरा आवाज घरात कळतो. शनिवारी तुझ्याकडे जेवायला येतो. मी असेपर्यंत आवाज चढला नाही, तर काउंटर तुझं."

आता भडक्याची भीती एवढीच होती की जेवताना तो नळ टपटप करणार, आणि आपलं डोकं फिरणार. म्हणून त्याने गल्लीतल्या प्लंबरला बोलावलं. या प्लंबरला सगळी गल्ली 'ठिबक' म्हणे. तो काम करून गेला की घरात एक तरी थेंब मागे राहायचाच. (हे ठाऊक असूनही त्याला का बोलावलं? दुसरा कोणी शनिवारी येईना.)

ठिबक आला तो एका पान्ह्यानिशी. बाकीचं सगळं त्याने घरातूनच मागून घेतलं. पक्कड, बॅटरी, स्टूल आणि चहा.

"किती वेळ लागेल?" भडक्याने दात आवळून विचारलं.

"लगेच होतं, दादा."

त्याने मेन कॉक बंद करायला घेतला, तर कॉकची मूठ हातात आली. ती त्याने कौतुकाने न्याहाळली आणि खिशात टाकली. मग नळ काढला. उघड्या पाइपात जुन्या बनियनचा बोळा कोंबला (भडक्याच्या, आणि जुना नव्हता) आणि म्हणाला, "वायसर घेऊन येतो. लगेच होतं, दादा."

दुपार गेली, ऊन उतरलं, दिवे लागले. ठिबकचा पत्ता नाही. मालक मात्र वेळेवर हजर.

जेवायला बसल्यावर मालकांनी काड्या घालायला सुरुवात केली. "वहिनी, जेवण झकास. एवढं चांगलं खाऊन हा कामात इतका मंद कसा?" भडका हसला. "परवा सिलिंडर उलटं लावलंस म्हणे?" ते 'नाही'ने लावलं होतं. भडका तरी हसला. बायको त्याच्या कानांकडे बघत होती. ते टोमॅटोसारखे झाले होते.

"अहो, पाणी घ्या," ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात दार ढकलून ठिबक आला. "वहिनी, वास काय सुटलाय!" म्हणत तो सरळ सिंकखाली शिरला. वायसर मोठा निघाला. मग पाण्याला जोर किती आहे ते बघावं म्हणून त्याने बोळा उपसला.

जोर भरपूर होता. पहिली धार मालकांच्या चष्म्यावर बसली. दुसरीने वाटी, ताट, भांडं सगळं एकत्र कालवलं. बनियनचा बोळा उडून थेट मालकांच्या ताटात, मधोमध.

मालक निथळत भडक्याकडे बघत राहिले. भडक्याच्या कपाळावरची शीर टरारली. ओठ हलले. 

"काही हरकत नाही," भडका म्हणाला. आवाज बारीक आला, पण चढला नाही. "घरोघरी असं होतं, मालक. टॉवेल आणतो."

मालक उठून उभे राहिले. "शाब्बास रे! हरलो मी. सोमवारपासून काउंटर तुझं!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. भडक्याच्या कमरेला खुर्ची जाणवू लागली. पंख्याचा वारासुद्धा लागला. आणि नेमकं तेव्हाच, नळ कसाबसा परत बसवून, सिंकखालून एक ओलं डोकं समाधानाने बाहेर आलं.

"बघा! म्हटलं होतं ना? लगेच होतं, दादा!"

"लगेच?" भडका गरजला. "लगेच? दुपारपासून माझ्या घराचं तळं केलंस, माझा बनियन मालकांच्या ताटात वाढलास, वर मूठ खिशात घालून फिरतोस, आणि लगेच?" पुढचं छापण्यासारखं नाही. वरच्या मजल्यावरच्या लोकांनी खिडक्या लावल्या. पक्कड भिंतीवर गेली, स्टूल उलटलं, आणि मालकांनाही दोन शब्द बसले, उलट्या सिलिंडराबद्दल.

बायकोने दाराजवळ टांगलेलं दुकानातलं लाल सिलिंडर शांतपणे उतरवलं, पिन ओढली, आणि नवऱ्यावर एक फवारा मारला.

फुस्स!

पांढऱ्या धुळीतून एक पांढरा माणूस खोकत बाहेर आला. तोंडातून शब्दाऐवजी पावडर निघाली. मालक खाली बसले आणि डोळे पुसेपर्यंत हसले.

"वहिनी, ट्रेमध्ये कागद पेटवून आम्ही शाळा-ऑफिसांत प्रात्यक्षिक दाखवतो, कोणी ढुंकून बघत नाही. हे मात्र लोक जन्मात विसरणार नाहीत!"

आता बायको दुकानातर्फे प्रात्यक्षिक दाखवते. लोक तिला मॅडम म्हणतात. भडकाही बरोबर जातो, आग म्हणून. (पावडर महाग पडते, म्हणून त्याच्यावर पाणी मारतात.) बाकीच्या दिवशी सिलिंडरं उचलायची आहेतच.

आणि काउंटरवर ठिबक बसतो. गिऱ्हाईक कितीही तणतणत येवो, हा पंख्याखाली हसून म्हणतो, "लगेच होतं, दादा." असा थंड माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही, असं मालकांचं मत पडलं.

घरातला नळ अजून तसाच टपटपतो. परवा भडका चिडून म्हणाला, "अगं, कोणाला तरी बोलावून नीट करून घे ना तो!"

"राहू द्या," बायको म्हणाली. "सोमवारी मोठ्या शाळेत कार्यक्रम आहे. तुमचा सराव नको व्हायला?"