फाळाभोवतीच्या भेगा

आमच्या शेजारचे तात्या दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टकटक करत, मान तिरकी करून ऐकत आणि निकाल देत. कलिंगड असो, रांजण असो, नवी भिंत असो. निकाल बहुतेक एकच: "पोकळ हाय." लग्न होऊन आल्या आल्या मी माझं बी.ए.चं प्रमाणपत्र चौकट करून बाहेरच्या खोलीत टांगलं होतं. तात्यांनी त्यावरही टकटक केली. निकाल तोच आला. आज नातवंडांना मी सांगते की निकाल अचूक होता. तेव्हा मात्र रागानं त्यांच्या चहात साखर घालायचं मुद्दाम विसरले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तात्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. लोक निवृत्त झाल्यावर तुळशी लावतात, भजनात टाळ वाजवतात. आमचे तात्या दर्यावर्दी झाले. मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं भंगारात काढलेली फायबरची जुनी शिडाची बोट त्यांनी पैदा केली आणि साखर पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकात घालून थेट आमच्या गावी, अंथुर्ण्यात आणली. आमच्या अंथुर्ण्यात तेव्हा पाणी म्हणजे कालव्याचं आवर्तन. तेही सुटलं तर.

अशा बोटीच्या पोटाखाली लोखंडाचं एक जाड, जड पातं असतं. ते तिला वाऱ्यात आडवं होऊ देत नाही. मुंबईवाले त्याला कील म्हणत. तात्यांनी त्याचं बारसं केलं, "फाळ". ट्रकातून उतरवताना ट्रॅक्टरवाल्यानं हिसका दिला, बोट धाडकन फाळावर आदळली आणि फाळाच्या मुळाशी, बोटीच्या पोटाला, केसासारख्या भेगा पडल्या.

तात्यांना काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्या बोटीत बसवून उजनी धरणाच्या पाण्यावर न्यायचं होतं. बास, एवढंच. गावातल्या पुढाऱ्यांनी फेरी मागितली, तात्यांनी ऐकलं न ऐकलं केलं. पहिल्यांदा बसेल ती काकूच. आणि काकू म्हणत, "भेग दिसली तर मी बसायची न्हाय. जीव काय उकिरड्यावर सापडलाय?"

मी या प्रकाराला "म्हातारचळ" हा शास्त्रीय शब्द लावला होता. मी बारामतीच्या कॉलेजात शिकले होते, वाचनालयातून मासिकं आणत होते. मला काय कळत नव्हतं?

तात्यांनी आधी भेगांत रंगारी भरतात ती लांबी भरली, घासली, रंग दिला. बोट नवरीसारखी दिसायला लागली. मग काकू बाहेर आल्या. वर्कशॉपात लोखंडातली चीर कशी पकडतात याच्या बढाया तात्यांनी जन्मभर जेवताना मारल्या होत्या. काकूंनी त्यातली एक लक्षात ठेवलेली. त्यांनी रॉकेलमध्ये कुंकू कालवून फाळाभोवती चोळलं, थोडा वेळ मुरू दिलं, फडक्यानं पुसलं आणि वरून पांढरी रांगोळी भुरभुरली. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली. भेग जागच्या जागी होती.

"माज्या कुंकवानं सांगितलं," काकू म्हणाल्या आणि भाकरी थापायला गेल्या.

"माजंच शिकवलेलं माज्यावरच!" तात्या ओरडले.

मी मदत करायला सरसावले. "तात्या, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन लावून बघा ना."

तात्यांनी माझ्या कपाळाजवळ नुसतं बोट आणलं. टकटक करायचं सौजन्यानं टाळलं.

मग खरं काम सुरू झालं. बोटीच्या आत उतरून तात्यांनी फाळाचे बोल्ट पान्याला पाइप लावून आवळले. ते ढिले असल्यामुळे फाळ हलत होता आणि भरलेली भेग पुन्हा उकलत होती. भेगा ग्राइंडरनं खोल आणि रुंद कोरल्या. आत ओल मुरलेली होती, म्हणून पोल्ट्रीतून पिल्लांना ऊब द्यायचे दिवे आणून बोटीच्या पोटाखाली लावले. गल्लीतल्या कोंबड्या तिथं येऊन बसायला लागल्या. फायबरमधल्या काचेच्या धाग्यांचा भुगा वाऱ्यानं उडून आमच्या वाळवणावर बसला आणि सगळी आळी अंग खाजवायला लागली. मी ती ॲलर्जी आहे आणि ती शिकलेल्या लोकांनाच होते, असं सासूबाईंना समजावून सांगितलं. सासूबाई माझ्यापेक्षा जास्त खाजवत होत्या.

काचेची जाळी चिकटवायला जे रसायन लागतं, ते तात्यांनी काकूंच्या पातेल्यात कालवलं. आमच्याकडचं ऊन आणि ते घट्ट करणाऱ्या औषधाचा हात जरा सढळ. जाळी कापून होईस्तोवर पातेल्याचा दगड झाला, डाव त्यात उभा.

"आता ह्यात आमटी करू का?" काकूंनी विचारलं.

"घट्ट बसलंय बघ! हाललं तर तात्या न्हाय!"

"पातेलं घट्ट करायचं हुतं व्हय? मला वाटलं बोट."

पुढं ते सकाळच्या गारव्यात थोडं थोडं कालवायला शिकले. जाळीचे थर चढले, घासले गेले, पुन्हा चढले. प्रत्येक वेळी कुंकू-रांगोळीची परीक्षा आणि प्रत्येक वेळी कुठंतरी लाल रेघ. अखेर उन्हाळ्याच्या तोंडाला एकदा रांगोळी पांढरीच राहिली. काकूंनी वाकून वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "बसते. पण शेजारीण संगं पायजे."

अशी मी खलाशी झाले. पाण्यावर जायचं म्हणून मी नवऱ्याचा काळा गॉगल घातला आणि रेशमी साडी नेसले. नवऱ्यानं फोटो काढला, तो मी अजून कुणाला दाखवत नाही.

तात्यांना शीड कुणी शिकवलं, विचारू नका. म्हणाले, "धान्य उफणताना वारा कळतोय, मग हितं कळंना व्हय?" आणि कळला की! उजनीच्या काठावरून बोट मस्त निघाली. धरण उतरायला लागलं होतं, पाण्यातून वाळक्या झाडांचे शेंडे डोकावत होते. तात्या डोंगराकडं बघत, शेंड्यांकडं बघत, बोट हळूच एका बाजूला काढत होते.

तेवढ्यात खालून खाड्कन आवाज झाला. बोट अडखळली, मी डोलकाठीला मिठी मारून "बुडालो!" म्हणून किंचाळले, आणि फाळाच्या जागी, आतल्या बाजूला, पाण्याची बारीक रेघ झिरपायला लागली. सगळी मेहनत गेली. आता काकू तात्यांना सोलणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

काकू मात्र डोंगराकडं बघत होत्या. "हे कुठं आलो वो आपण?"

"तुज्या गावात," तात्या म्हणाले. "कोळ्यांना इचारून ठेवलं हुतं. तुमच्या हिरीचा कठडा लागला आसंल."

काकूंचं माहेर धरणात गेलं, हे मला ठाऊक होतं. एखाद्या तालुक्याची लोकसंख्या ठाऊक असावी, तसं.

तात्या आमच्याकडं न बघता बोलत होते. "माहेरी सोडा म्हनायचीस, मी म्हनायचो कारखान्याचं गळीत संपू दे. गळीत संपलं की मशिनरीची कामं निघायची. मोकळा झालो, तवा गाव न्हवतं."

मी प्लास्टिकचा मग घेऊन पाणी उपसायला लागले. काकूंनी माझा हात धरला.

"थांब गं जरा. काठ जवळ हाय, न्हाय बुडत." त्यांनी लुगडं घोट्यांच्या वर उचललं आणि त्या पाण्यात पाय ठेवले. "लेक दारात आली की पाय धुवायला पाणी देत्यात."

तात्या तोंड फिरवून शिडाच्या दोरीची गाठ सोडवत बसले. दोरीला गाठ नव्हती.