आई असल्याची खातरजमा

कोणतंही रूप घेता येणारा प्राणी शेवटी नातेवाइकाचंच रूप घेतो, कारण नातेवाइकाला दारात कोणी अडवत नाही. हे सत्य आमच्या घरात एका टीव्ही मालिकेमुळे प्रस्थापित झालं. मालिकेत परग्रहावरून एक पाहुणा येतो. मूळ रूपात तो हिरवा आणि लिबलिबीत असतो. पण लिबलिबीतपणाला खर्च फार, म्हणून पहिल्या भागात तो मावशीला गिळतो आणि त्यानंतर बहुतेक वेळ साध्या कपड्यांतली मावशीच असतो. (मालिकेतलं विज्ञान इथपर्यंत निर्दोष आहे.) त्याला ओळखण्याच्या खुणाही जनहितार्थ दिल्या आहेत: तो चिडत नाही, पापणी लवू देत नाही आणि गोड आवाजात विचारतो, "तुला काय वाटतंय, बाळा?"

याच सुमारास आमच्या पाच वर्षांच्या लेकीच्या शाळेने पालकांसाठी समुपदेशक बाईंचं व्याख्यान ठेवलं. बाईंनी फर्मावलं की मुलांवर ओरडू नये. त्यांच्या उंचीला बसावं, डोळ्यांत डोळे घालावेत आणि शांतपणे भावना विचाराव्यात. मी पदवीधर असल्यामुळे पहिल्या रांगेत होते. (मागच्या रांगेतले पालक अजून सुखात आहेत.)

दुसऱ्याच सकाळी लेकीने दुधाचा पेला लवंडला. मी खाली बसले, डोळे रोखले. "दूध सांडलं. तुला काय वाटतंय, बाळा?"

ती मागे सरकली. "आज्जी, हिने आईला खाल्लं!"

"खाईना का," सासूबाई आतून म्हणाल्या. "आधी फरशी पूस म्हणावं."

इथे लेकीचं कौतुक करणं भाग आहे. परक्याच्या हातचं खायचं नाही, परक्याबरोबर जायचं नाही, परका ओळखीचा वाटला तरी नाही, हे सगळं मीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं. (मला बातम्या वाचायची खोड आहे.) अंमलबजावणी मात्र इतकी चोख होईल असं वाटलं नव्हतं. घास आजीच्या हातचा, वेणी बाबांच्या हातची. मी जितकं प्रेमाने समजवावं, तितका माझ्याविरुद्धचा पुरावा भक्कम होई.

शुक्रवारी सासूबाईंचे गुडघे धरले, म्हणून शाळेतून आणायला मी गेले. फाटकात लेक रखवालदाराला म्हणाली, "काका, ही आई नाही. आईसारखी दिसते फक्त."

त्यांनी माझं ओळखपत्र पाहिलं, मग मला. "फोटो जुळतोय, ताई. पण लेकरू नाही म्हणतंय."

"अहो, ती मालिका बघून..."

"मीही बघतो ती." त्यांनी कडी लावली आणि नवऱ्याला फोन लावला. "साहेब, मॅडममध्ये काही बदल जाणवला का?"

नवऱ्याने प्रामाणिकपणे विचार केला. "हो, चिडत नाहीये. मला वाटलं, बरं नसेल."

लेकीने रखवालदाराचं बोट घट्ट धरलं. मी पुन्हा तिच्या उंचीला बसले, शांत श्वास घेतला, आणि गजांतून तिचे पाय दिसले.

"अगं कार्टे!" माझा आवाज समोरच्या औषधाच्या दुकानात पोचला. "डावा बूट उजव्या पायात घालून दिवसभर हुंदडलीस? पाणी तरी प्यायलीस का? बाटली दाखव! आणि ते नाक बाहीला पुसलंस तर याद राख!"

"आई!" अशी किंकाळी आली. कडी निघाली आणि ती नाकासकट माझ्या गळ्यात पडली.

"हे आधीच करायचं, ताई," रखवालदार म्हणाले. "उगीच साहेबांना त्रास."

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, "घरात आठवडाभर दुसरीच कोणी वावरतेय, असं एकदाही वाटलं नाही तुला?"

"वाटलं की," तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला. "पण छान चाललं होतं."

तुमच्या घरात तुमच्यावर असा संशय आजवर कोणी घेतला नसेल, तर आपण अस्सल आहोत या भ्रमात राहू नका. संशय यायला घरातल्या एका तरी माणसाने आपल्याकडे नीट बघावं लागतं.