रामटेकेकाका मशीन निवडतात

सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी माझी बायको नंदा वारली. सकाळी ती शिकागोची गाडी पकडायला स्टेशनवर गेली. अकरा वाजता हॉस्पिटलमधून फोन आला. मी तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तकांना नंबर चिकटवत होतो.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी साडेनऊला बेल वाजली. दारात रामटेकेकाका होते, आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारे. त्यांच्या एका हातात व्हर्नियर कॅलिपर होता, दुसऱ्यात चकल्या पाडायचा साचा आणि काखेत जाडजूड वही. इतर लोक येताना डबे आणत, खांद्यावर हात ठेवत. काकांनी बूट काढले, थेट डायनिंग टेबलापाशी गेले आणि टेबलाच्या कडेची जाडी मोजली.

"सव्वा इंच. चालते," ते म्हणाले. "प्रोफेसर, चहा टाक. एक निर्णय घ्यायचा आहे."

मी प्रोफेसर नाही. पण काकांच्या लेखी जो पुस्तकांच्या इमारतीत काम करतो तो प्रोफेसर.

काका मूळचे नागपूरचे. गिअर बनवणाऱ्या इथल्या एका कारखान्यात त्यांनी बत्तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून नोकरी केली. तिथून रिटायर झाले, पण इन्स्पेक्शन सुटलं नाही. जगातली कुठलीही वस्तू दिसली की त्यांचा पहिला प्रश्न असे, "टॉलरन्स किती?" म्हणजे ठरलेल्या मापापेक्षा किती कमीजास्त चालेल. काकूंच्या पोळ्यांना टॉलरन्स होता, पाहुण्यांच्या उशिराला होता. इथल्या मराठी मंडळाच्या एका कार्यक्रमात वक्ता वीस मिनिटांऐवजी पन्नास मिनिटं बोलला, तेव्हा काकांनी उभं राहून सांगितलं होतं, "साहेब, पार्ट रिजेक्ट झाला."

असा माणूस म्हातारपणी बंदूक चालवायला लागला. कारखान्यातल्या जुन्या सोबत्यांनी त्यांना रिटायर झाल्यावर ट्रॅप शूटिंगच्या क्लबात नेलं. तिथे हवेत उडवलेल्या बशीएवढ्या चकतीवर छऱ्यांच्या बंदुकीने नेम धरायचा. काकांची पहिलीच चकती फुटली. पुढच्या चोवीस सहीसलामत जमिनीवर उतरल्या, पण तोवर उशीर झाला होता.

काका बौद्ध, पंचशील मनापासून पाळणारे. त्यामुळे त्यांनी आधी विहारात जाऊन भंतेजींना विचारलं, याने पहिलं शील मोडतं का? चकती चुनखडीची असते, तिच्यात जीव नसतो, हेही समजावून सांगितलं. भंतेजींनी बराच विचार केला आणि विचारलं, "आवाज फार होतो का?" त्यानंतर काकांनी आवाज अडवणारे कानावरचे मफ दोन घेतले, एक स्वतःला आणि एक भंतेजी कधी आलेच तर त्यांना.

आता प्रश्न असा होता, की वापरलेली काडतुसं फेकायची नाहीत, घरीच पुन्हा भरायची. त्याला प्रेस लागतो, टेबलाला घट्ट बसवायचं हँडलवालं मशीन. कोणता घ्यायचा हे ठरायचं होतं.

"पण माझ्याशी का?" मी विचारलं. "मी आयुष्यात बंदूक हातात धरली नाही."

"म्हणूनच! इन्स्पेक्शनला दोन सह्या लागतात. एक जाणत्याची, एक बाहेरच्याची. जाणता आपलंच मत पाहून राहतो. बाहेरचा मशीन पाहतो."

"मग काकू?"

"ती नवीन वस्तूवर सहीच करत नाही."

त्यांनी साचा टेबलावर ठेवला. "हे पाह्य. साधा प्रेस असा असते. एका वेळी एकच काडतूस. बार पेटवणारी जुनी टोपी काढ, नवी बसव, दारू, बूच, छरे, मग तोंड मिटव. प्रत्येक पायरीला काडतूस तू हाताने पुढे सरकवायचं. दुसरा असते प्रोग्रेसिव्ह. हँडल ओढलं की सगळ्या पायऱ्या एकदम, दर वेळी एक काडतूस तयार बाहेर. पण एका पायरीला चूक झाली आणि तुझं लक्ष नसलं, की पुढची पन्नास काडतुसं तीच चूक घेऊन निघतात."

बोलता बोलता त्यांनी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "दूध टॉलरन्सच्या बाहेर गेलं आहे, प्रोफेसर."

दूध दोन आठवड्यांचं होतं. पुढच्या शुक्रवारी मी दुकानात जाऊन दूध आणलं. नंदा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच दुकानात गेलो.

काका दर शनिवारी येत राहिले. एका शनिवारी त्यांनी झाडूचा दांडा टेबलाला बांधून मला दोनशे वेळा ओढायला लावला, खांदा कधी दुखायला लागतो ते पाहायला. एका शनिवारी काठोकाठ भरलेला स्टीलचा पेला टेबलावर ठेवला आणि टेबल किती हलतं ते सांडलेल्या पाण्यावरून मोजलं. मशीनच्या कंपन्यांना फोन करून कोण किती वेळ ऐकून घेतं याची त्यांनी नोंद ठेवली. त्यातली एक बाई चाळीस मिनिटं ऐकत राहिली, म्हणून त्या कंपनीला दोन गुण जास्त मिळाले. मग ते गुण काढून घेतले. "चाळीस मिनिटं रिकामी, म्हणजे गिऱ्हाईक नाही तिच्याकडे."

डिसेंबरात मी त्यांना सांगितलं, की स्प्रिंगमध्ये घर विकायला काढणार आहे. भाऊ नाशिकला ये म्हणत होता. इथे मला धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं. एजंटशी बोलणंही झालं होतं.

काका कॅलिपर पुसत होते. "जा ना. कोण अडवून राहिलं? फक्त मशीन ठरू दे. अर्धं इन्स्पेक्शन टाकून जाते का कोणी?"

मला ते पटलं. मी पुस्तकांची यादी करणारा माणूस, अर्धवट नोंद मलाही सहन होत नाही. पण मशीन काही ठरेना. ठरत आलं की काका नवीन खोट काढत.

"याचं हँडल डावखुऱ्याला अडचणीचं आहे."

"काका, तुम्ही उजवे आहात."

"उद्या उजवा हात मोडला तर?"

"मग बंदूक कशी धराल?"

"तोच तर मुद्दा आहे! लिही, लिही ते."

जानेवारीत बर्फ पडला, तरी ते गुडघाभर बर्फातून आले. फेब्रुवारीत त्यांनी सगळे गुण खोडून पहिल्यापासून सुरुवात केली, कारण म्हणे गुणांची पद्धतच तपासलेली नव्हती. मार्च आला तसा एजंट रोज फोन करू लागला.

शेवटी मीच बसलो. चार रात्री कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली, प्रत्येक मशीनचं एक कार्ड केलं, जशी पुस्तकांची करतो तशी. काकांना प्रत्येक वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा त्यांना साधा, एकेक काडतूस भरणारा प्रेसच हवा. मी तो मागवला. हे एकदा संपलं, की घराच्या कागदांवर सही करून मोकळा.

खोकं बुधवारी आलं. मी ते छातीशी धरून दोन घरं ओलांडली. काकूंनी दार उघडलं.

"अरे, हे काय आणलं?"

"काकांचा प्रेस. ठरला एकदाचा."

"कोणता प्रेस?" काकूंनी खोक्यावरचं चित्र पाहिलं. "हा तर खाली आहे. तीन वर्षं झाली त्याला. रिटायर झाल्या झाल्या घेतला. बेसमेंटभर छरे सांडून ठेवतात, माझा व्हॅक्यूम बिघडवला! आता हा दुसरा कशाला?"

मी खोकं दाराबाहेरच्या पायरीवर ठेवलं आणि खाली बेसमेंटमध्ये गेलो. लाकडी बाकाला प्रेस घट्ट बसवलेला होता. हँडलवरचा रंग हाताने घासून उडाला होता. बाजूला भरलेली काडतुसं पंचवीस-पंचवीसच्या डब्यांत लावलेली. काका स्टुलावर बसून एक काडतूस उजेडात धरून पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे.

"काकू बोलली का?"

"बोलल्या."

त्यांनी काडतूस डब्यात ठेवलं.

"दोन शनिवार मी तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेलो," ते म्हणाले. "लोक काय काय बोलतात अशा वेळी. मला नाही जमत. काय बोलायचं असते ते मला माहीतच नाही. मशीनबद्दल कितीही बोलता येते. म्हटलं, तेच घेऊन जावं. मग तू म्हणाला, नाशिकला जातो. मग ठरवायचं कसं?"

स्टूल एकच होतं, म्हणून मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो. वरून काकूंचा आवाज आला, पाऊस आला, खोकं भिजेल म्हणून. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"नंदा कोणत्या गाडीने जायची?" काकांनी विचारलं. सहा महिन्यांत त्यांनी तिचं नाव पहिल्यांदा घेतलं.

"सात दहाच्या."

"वेळेवर?"

"घरातून दोन मिनिटं उशिरा. रोज. मग पळत."

काकांनी मान हलवली आणि मग मी सांगत राहिलो.

त्या गोष्टीला आता वर्ष झालं. मी आणलेला प्रेस दुकानाने परत घेतला. एजंटला मी नाही म्हणून कळवलं, आणि भावालाही. शनिवारी साडेनऊला काका येतात, हात रिकामे असतात. आम्ही चहा घेतो. निवडायचं काही राहिलेलं नाही.