परीक्षक देवरावजी

महाराष्ट्रातलं संगणक-शिक्षण ज्या मोजक्या माणसांनी खऱ्या गांभीर्यानं घेतलं, त्यांत आमच्या पिपरी मेघेच्या देवरावजींचं नाव घ्यावंच लागेल. त्यांनी स्वतः माउसला कधी हात लावला नाही, एवढीच काय ती उणीव.

देवरावजींचं किराणा दुकान माझ्या घराला लागून. तुरीची डाळ दाताखाली फोडून पाहिल्याशिवाय ते पोतं उतरवून घेत नसत. "पारखल्याशिवाय माल नाई," हे त्यांचं ब्रीद. बायको वारल्यापासून घरात ते आणि नात चिनू, दोघंच. चिनूचे आईबाप पुण्यात नोकरीला. रांगत होती तेव्हापासून ती आजोबांकडे.

ती दुसरीत असताना मुलानं ऑफिसातला जुना लॅपटॉप पाठवला. सोबत निरोप : पुण्याच्या शाळेत कॉम्प्युटर लागतो, चिनू शिकली की जूनमध्ये घेऊन जातो.

देवरावजींनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि दर रविवारी परीक्षा जाहीर केली. जागा दुकानाचा काउंटर, गुळाच्या भेलीशेजारी. परीक्षक डोक्याला फेटा बांधून. साक्षीदार मी, कारण मी मास्तर.

पहिली परीक्षा : माउसनं गोल काढणे.

"हे गोल हाय का आलू हाय?"

"आबा, तुमी काढून दाखवा ना!"

"मी परीक्षक व्हय. परीक्षकानं माउसले हात लावाचा नसते. नापास!"

मग डोळे मिटून स्वतःचं नाव टाइप करणे : नापास, कारण एक डोळा किलकिला होता. स्क्रीनवर आवडीचा फोटो लावणे : चिनूनं आबांचा घोरतानाचा लावला. परीक्षकाचा अपमान, नापास. गिऱ्हाइकाची बेरीज लॅपटॉपवर करून आबांच्या तोंडी हिशेबाला हरवणे : ती एकदा जिंकलीसुद्धा. "लाइट होती म्हणून जिंकली," असा निकाल लागला.

"देवरावजी, आता तर छान जमतं तिला," मी म्हणालो.

"मास्तर, तुमी पोरीले लाडावून राह्यले. कच्चा माल हाय."

एप्रिलात एकदा साखर घ्यायला गेलो, तर मुलाचा फोन चालू होता. "नाई रे, अजून नाई. माउस सरळ चालत नाई तिचा. पुढच्या वर्षी पाह्यू." त्याच सकाळी तिनं त्या माउसनं घुंगरांसकट बैलजोडी काढली होती. ती मी पाहिली होती, आणि मी पाहिली हे देवरावजींना ठाऊक होतं. त्यांनी फोन ठेवला आणि मला साखर जरा जास्तच तोलून दिली.

चिनू आतून आली. "आबा, मले पास करा ना. आई म्हणते, पास झाली की लगेच ये."

देवरावजी बराच वेळ तराजूची साखळी सरळ करत राहिले. ती सरळच होती.

पुढच्या रविवारी पुन्हा गोल. घाईघाईत चिनूचा गोल पार बिघडला. देवरावजींनी चष्मा लावला, वाकून पाहिलं.

"पास."

"पण आबा, हा तं आलू हाय!"

"आलूच हाय. पण एक नंबर आलू हाय."

जूनमध्ये मुलगा न्यायला आला, आणि देवरावजी वर्ध्याच्या स्टेशनवर चिनूला त्याच्यासोबत गाडीत बसवून आले. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

जुलैत मुलाचा फोन आला. त्या शाळेत कॉम्प्युटर पाचवीपासून होता. चिनू तिसरीत बसली होती.