उंबऱ्यावरची राख

आमच्या धानोऱ्यात लटारूभाऊ घराबाहेर पडताना कुलूप लावत नाहीत. चुलीतली मूठभर राख उंबऱ्याच्या आत पसरतात, दार लोटतात आणि निघतात. परतले की आधी वाकून राखेत पाऊल उमटलंय का ते पाहतात. खळ्यावर धानाच्या राशीवर राखेचे ठसे मारायची आमच्याकडची जुनी रीत. ठसा मोडला की चोरी कळते. पण राशीची राखण घराला लावणारा माणूस मी एकच पाहिला. विचारलं की म्हणतात, "पाह्यलेलं बरं राह्यते."

दूधवाल्यादेखत ते दुधात बोट बुडवतात. एसटीत चढले की कंडक्टरला विचारतात, "गडचिरोलीलेच जाते ना? पाटी तं कोणीबी लावते."

माझा त्यांच्यावर राग होता. थोडा अजून आहे. मी मोह, हिरडा विकत घेतो. डोक्यावर पोती वाहत वाहत स्वतःच्या दुकानापर्यंत आलो. तीन वर्षांपूर्वी या माणसानं भर बाजारात माझ्या काट्याचं पारडं उलटं करून खाली चिंच चिकटवलीय का ते पाहिलं. काही नव्हतं. तरी चार बाया आपापला हिरडा उचलून शेजारच्या दुकानात गेल्या. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

यंदा पावसाळा सरताना मला डेंग्यू झाला. ताप उतरला, पण लघवी थांबली. जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, किडनीनं काम सोडलंय, काही दिवस डायलिसिस लागेल. त्यासाठी मानेत एक तात्पुरती नळी घातली.

"किती वेळा करान?" मी विचारलं.

"चार-पाच वेळा तरी."

"दोनात भागवा."

त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डोळे उघडले तर स्टुलावर लटारूभाऊ. नजर ठेवायला याच्यासारखा दुसरा नाही म्हणून माझ्या बायकोनं बोलावलं होतं. ती जेवायला गेली होती. मला वाटलं, हा मी खरंच आजारी आहे का ते तपासायला आलाय. मान हलवायची नाही, ओरडायचं नाही. माझ्यासारख्याला याहून मोठी शिक्षा नाही.

त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि माझ्या मानेवरच्या पट्टीवर काहीतरी गिरवलं.

"काय करून राह्यले?"

"रक्ताचा दाग हाये. भवताल रेघ मारली."

"मी का धानाची रास आहो?"

"रास बरी, शेठ. बोलत तं नाई."

तासाभरानं सिस्टर आली. त्यांनी आधी तिला हात धुवायला लावले, मग पट्टी दाखवली.

"दाग सकाळपासूनच आहे, काका."

"सकाळचा रेघेच्या आत होता. आता बाहीर आला."

सिस्टरनं वाकून पाहिलं आणि मानेमागून हात घातला. उशी ओली होती. डेंग्यूनं प्लेटलेट उतरल्या होत्या. नळीच्या कडेनं रक्त थेंब थेंब वाहत होतं आणि मला पत्ताच नव्हता. डॉक्टरबाई धावत आल्या. बराच वेळ दाबून धरलं, टाका घातला, प्लेटलेटची पिशवी लावली. आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणाल्या.

"रेघ कोणी मारली?"

लटारूभाऊ भिंतीकडे सरकले, जणू चोरी पकडली गेली.

डायलिसिस पाच वेळा झालं. एकही कमी झालं नाही. नळी निघेपर्यंत त्यांनी प्रत्येक नव्या पट्टीवर नजर ठेवली.

घरी आल्यावर काठी टेकत मी त्यांच्याकडे गेलो. आभाराचं मनात होतंच, पण आधी पारड्याचा विषय काढायचा होता. दार लोटलेलं होतं. ढकललं तर आत राख, आणि राखेवर एकही पाऊल नाही, मांजराचंही नाही. तेवढ्यात ते मागून आले. नेहमीसारखे वाकून त्यांनी राख पाहिली.

"घरात चोरण्यासारखं आहे तरी काय, लटारूभाऊ?"

"काईच नाई."

"मंग राख काऊन टाकता?"

त्यांनी उंबऱ्याच्या कडेची राख बोटानं सारखी केली. मग म्हणाले, "बायको गेल्यापासून कोणी येत नाई. वाटते, मी नसताना कोणी येऊन गेलं असन तं? पाह्यलेलं बरं राह्यते."

पारड्याची गोष्ट तोंडातच राहिली. मी चप्पल काढली आणि राखेच्या मधोमध पाय ठेवला.

लटारूभाऊ पुन्हा वाकले. ठशाकडे बराच वेळ पाहत राहिले, आणि त्याला वळसा घालून आत आले.