मोंबासाला भातलावणीची सुट्टी

आमच्या अण्णांनी भरलेलं कुठलंही टेंडर उघडा, आत एक ओळ असणारच: 'भातलावणीला काम बंद राहील.' केमिकल कंपनीची शेड असो नाहीतर कुणा व्यापाऱ्याचं गोडाऊन. ओळ म्हणजे ओळ!

आमची कंपनी छोटी. अंबरनाथ एमआयडीसीत शेड उभारतो, बस्स. सेठ मालक, अण्णा एस्टिमेटर, मी साईट इंजिनिअर. वेल्डर-फिटर पोरं सगळी वांगणी-बदलापूरकडची. लावणी आली की गावाला पळणारच. अण्णांचं लॉजिक एकदम सिंपल: "थांबवून थांबत नाय, मग लिवून टाकलेलं काय वाईट?"

आणि अचानक मोंबासाचं काम आलं! केनिया! भलंमोठं वेअरहाऊस! सेठच्या मेव्हण्याची ओळख. सेठने पेढे आणले. "अण्णा साईं, अब अपन इंटरनॅशनल!" मी तर त्याच दुपारी पासपोर्टचे फोटो काढून आले. पण अण्णा 'हो' म्हणाल्याशिवाय सेठ सही करत नाही. एकदा घाईत केली होती. तो विषय काढला की सेठ अजून पाणी मागतो.

आठवडाभर अण्णांनी डोकं खाल्लं. स्टील कुठून येणार? क्रेन बंद पडली तर मेकॅनिक कोण? पोरगं आजारी पडलं तर? सेठकडे सगळ्याची उत्तरं तयार. शेवटी तिथल्या भारतीय मॅनेजरला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर अण्णांचं नुसतं कपाळ. "लावणी के टाइम पंधरा दिन काम बंद."

"लेकिन यहाँ तो चावल का खेत ही नहीं है!"

"हमारे लडकों का है ना."

सेठने घाईघाईत माईक बंद केला. "मरवाओगे क्या! दो साल का काम है, फिर आएंगे ना सब!"

"दोन वर्षांनी? मग माझा नकार."

मला रडूच यायला लागलं. "अहो अण्णा, मजूर लावून पण होते की लावणी!"

"होते ना बाय. भाताचं कोणाला पडलंय? पोरगं घरी येतं." मग आवाज खालीच गेला त्यांचा. "माझा सुजय कॅनडाला गेला. शेत मी आधीच विकलेलं. फोनवर म्हणतो, बाबा, यायला कारण तर पायजे. खोटं नाय बोलत तो."

सेठने पेढ्यांचा बॉक्स बाजूला सरकवला. मग माईक चालू केला. "भाईसाब, पंधरा दिन छुट्टी. आने-जाने का खर्चा मेरा."

तिकडून जरा कुरकुर झाली, पण 'ठीक है' आलं! मी खुर्चीतून उडालेच.

अण्णा लगेच जाणाऱ्यांच्या सुट्ट्या लिहायला बसले. "बाय, तुझं शेत कुठं?"

"शेत कसलं अण्णा? विठ्ठलवाडीला वन रूम किचन. आई आणि मी."

पेन थांबलं. "मग तुला घरी यायला काय लिवू?"

"आई लिहा ना."

"आई?" अण्णांनी चष्मा सरळ केला. "मग वर्षातून दोनदा टाकतो."